हळू चालवताना डुलणारं स्टिअरिंग: एका जुन्या गाडीच्या नोंदी

रविवार, ५ जानेवारी २०२५ (मीटर ९१,४१२)

गाडी घेऊन आठ दिवस झाले. २०११ची छोटी हॅचबॅक, फ्रंट व्हील ड्राइव्ह. आधीच्या मालकाकडे शेवटचे पाच महिने नुसती उभी होती. इंजिन चांगलं आहे, गिअर अलगद पडतात. तक्रार एकच: हळू चालवताना स्टिअरिंग डुलतं.

घेण्याआधी चाचणीला मोठ्या रस्त्यावर नेली होती, साठ-सत्तरच्या वेगाने. तिथे काहीच जाणवलं नाही. घरी आणताना गल्लीत वळले तेव्हा पहिल्यांदा कळलं. चूक माझी. जुनी गाडी बघताना वेगात चालवून बघायचा मोह होतो, आणि हिचं दुखणं नेमकं संथ चालीतलं.

आज रिकाम्या सरळ रस्त्यावर नीट बघितलं. वेग ताशी १२-१५ किलोमीटर झाला की सुरू होतं. २० ते ३०मध्ये सगळ्यात जास्त. स्टिअरिंग हलक्या हाताने धरलं तर वरची कड बोटभर इकडे-तिकडे सरकते, कुणी 'नाही, नाही' म्हणत मान हलवावी तशी. ४०नंतर विरत जातं, ५०ला काही नाही. ८०ला गाडी अगदी सरळ जाते.

ब्रेक मारला तरी तेवढंच राहतं, वाढत नाही. ब्रेकची डिस्क आउट, म्हणजे वाकडी, असती तर ब्रेकवर पाय पडल्यावर थरथर वाढली असती आणि पॅडलमध्येही लागली असती. २५ला क्लच दाबून न्यूट्रल केलं, तरी डुलणं तसंच. म्हणजे इंजिन, माउंटिंग, क्लच यादीतून बाद. ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंटही बहुतेक बाद, कारण तो झिजला की ॲक्सिलरेटर दाबताना गाडी हलवतो आणि पाय काढला की गप्प बसतो. इथे पायाशी काही संबंधच दिसत नाही.

बाबांचं मत: "चौदा वर्षांची गाडी आहे, थोडी डुलायचीच." नोंद केली, मान्य नाही.

शनिवार, ११ जानेवारी (९१,४६०)

हवा बघितली. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत ३० पीएसआय लिहिलंय. मिळाली २४, २८, ३० आणि मागे उजवीकडे १९. टायर थंड असतानाच सगळीकडे ३० केली. गाडी जरा हलकी चालते, डुलणं आहे तिथेच.

टायरच्या भिंतीवरचे तारखेचे आकडे वाचले. चार आकडी खूण असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पुढे डावीकडे ३४१६, म्हणजे २०१६चा चौतिसावा आठवडा. मागे डावीकडे तीच तारीख. उजवीकडचे दोन्ही २०२० सालचे. स्टेपनी १८११, गाडीबरोबर आलेली, जमिनीला बहुधा कधी लागलेलीच नाही. आठ वर्षांच्या टायरवर नक्षी भरपूर शिल्लक आहे, त्यामुळे वरवर बघणाऱ्याला तो छान वाटतो. मलाही वाटला.

पहिला संशय: पाच महिने एकाच जागी उभी राहून टायर खाली चपटे झाले असतील. थोड्या दिवसांचा चपटेपणा गाडी चालून टायर गरम झाले की जातो. म्हणून आज ४० किलोमीटर फिरवली, त्यातलं बरंचसं ८०ने. परत येऊन गल्लीत शिरले, तर डुलणं कमी नाहीच, उलट किंचित जास्त वाटलं. "वाटलं" म्हणजे काय, याला काही माप नाही. माप हवं.

रविवार, १२ जानेवारी

आजचं काम गाडीतलं आवडतं काम ठरलं. मला जाणून घ्यायचं होतं की स्टिअरिंग दहा सेकंदांत किती वेळा डुलतं.

बाबा शेजारच्या सीटवर. वेग फोनच्या जीपीएसवर बघायचा, कारण गाडीचा मीटर थोडं जास्तच दाखवतो. दुसऱ्या गिअरमध्ये २०वर स्थिर. पहिल्यांदा बाबांनी तोंडाने मोजायला घेतलं आणि सतराला अडखळले. मग त्यांनी जुन्या पाकिटाच्या मागे पेन्सिलने ठिपके द्यायला सुरुवात केली. एक हात स्टिअरिंगच्या खालच्या कडेला टेकवलेला, दुसरा कागदावर, आणि हात हळूहळू उजवीकडे सरकवत जायचा म्हणजे ठिपक्यावर ठिपका पडत नाही. वेळ मी सांगायची. गाडी थांबवून ठिपके मोजले. तीन फेऱ्यांना ३१, २९, ३०.

आता हिशोब. टायर १५५/८० आर १३. रुंदी १५५ मिलिमीटर, रबराची उंची तिच्या ८० टक्के म्हणजे १२४. वर आणि खाली मिळून २४८, त्यात तेरा इंची रिमचे ३३०. व्यास ५७८ मिलिमीटर, परीघ सुमारे १.८२ मीटर. ताशी २०ने दहा सेकंदांत गाडी साडेपंचावन्न मीटर जाते. भागलं की साडेतीस फेरे.

ठिपके तीस, फेरे साडेतीस. चाकाच्या दर फेऱ्याला एक हेलकावा. या वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन दीड हजारांच्या आसपास फिरत असतं, म्हणजे दहा सेकंदांत अडीचशे फेरे. त्याचा इथे मेळच बसत नाही.

मग दोषी कोण असू शकतो? चाकाबरोबर जे फिरतं ते: टायर, रिम, हब (ज्यावर चाक नटांनी बसतं तो भाग), डिस्क, शाफ्ट. टाय रॉड (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारी दांडी), बॉल जॉइंट, लोअर आर्म, शॉकअप्स यातलं काहीच गोल फिरत नाही. पाकीट वहीत चिकटवलं.

बुधवार, १५ जानेवारी (९१,५३८)

टायरवाल्याकडे बॅलन्सिंग, म्हणजे रिमला छोटी वजनं लावून चाकाचा तोल साधणं. चारही चाकं काढली. पुढच्या डाव्या चाकाला ३५ ग्रॅम लागले, बाकीच्यांना १० ते २०. सगळ्यांवर शेवटी शून्य आलं. "ताई, टायर ओके आहेत. आता अलाइनमेंट करून घ्या." नको म्हटलं. अलाइनमेंट बिघडली की गाडी एका बाजूला ओढते किंवा टायर एका कडेने खाते. दर फेऱ्याला डुलवत नाही.

परत येताना तेच. खरं तर मला आधीच कळायला हवं होतं. असमतोलाचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. रिमच्या कडेला ३० ग्रॅम जादा असतील तर १००च्या वेगाला साडेचार किलोंच्या आसपास ओढ बसते, पण २५च्या वेगाला तीनशे ग्रॅमसुद्धा नाही. तेवढ्याने स्टिअरिंग बोटभर हलत नसतं. बॅलन्सिंगचं दुखणं मोठ्या वेगात येतं, साधारण ८०च्या पुढे. माझं उलट आहे.

आणखी एक. हातांना आज काहीतरी वेगळं लागतंय. मोठा हेलकावा आहेच, त्यावर एक बारीक थरथरही आहे. आधी होती की नव्हती? पाकिटावर त्याची नोंद नाही. कदाचित मनाचे खेळ.

शनिवार, १८ जानेवारी

पुढची बाजू उचलली. मागच्या चाकांना विटा, हँडब्रेक, सपाट फरशी, आणि जॅकवर भरवसा न ठेवता दोन्हीकडे घोड्या, म्हणजे गाडी तोलून धरणारे लोखंडी स्टँड. घोडी लावल्याशिवाय गाडीखाली हात घालायचा नाही, हा घरातला नियम बाबांचा; त्यांच्या तरुणपणी जॅक निसटून गाडी खाली बसलेली त्यांनी बघितली आहे. तेव्हा खाली कुणी नव्हतं एवढंच.

चाक वर-खाली धरून हलवलं (घड्याळाचे १२ आणि ६): दोन्हीकडे घट्ट. बेअरिंग आणि बॉल जॉइंट ठीक. मग आडवं धरून (९ आणि ३): डावीकडे काही नाही, उजवीकडे बारीकसं टक. बाबांना चाक हलवायला लावून मी टाय रॉड एंडवर, म्हणजे त्या दांडीच्या टोकाच्या सांध्यावर, बोटं ठेवली. सांध्यात प्ले (ढिलेपणा) आहे, बोटाला स्पष्ट लागतो. चाकं हाताने फिरवून बेअरिंगची घरघर ऐकली. काही नाही.

सापडलं! असं मी इथे मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. आता खोडलंय, पण वाचता येईल इतपतच.

बुधवार, २२ जानेवारी (९१,५७१)

टाय रॉड एंड बदलला. लॉक नट गंजलेला, त्यात अर्धा तास गेला. जुना किती आट्यांवर बसला होता ते मोजून नवा तितक्याच आट्यांवर चढवला, मग गॅरेजमध्ये टो, म्हणजे पुढच्या चाकांचा आत-बाहेरचा कोन, सेट करून घेतला. आता त्याला कारण होतं.

डुलणं थोडं मऊ झालं. गेलं नाही.

रात्री वही उलटी चाळली. बारा तारखेला माझ्याच अक्षरात लिहिलंय की टाय रॉड गोल फिरत नाही. तो डुलवणारा नव्हताच, दुसऱ्या कुणाच्या तरी धक्क्याला वाट करून देत होता. बदलायला हवा होता हे खरं, सुरक्षेसाठीच. पण मी तो शोधाचं उत्तर म्हणून बदलला. हाताला प्ले लागला की इतका आनंद होतो की आधीचा हिशोब विसरायला होतं.

शनिवार, २५ जानेवारी (९१,६०२)

ठरवलं: एका वेळी एकच बदल, तोही काही न बदलता. म्हणजे फक्त जागांची अदलाबदल. डाव्या बाजूचं पुढचं चाक मागे, मागचं पुढे. उजव्या बाजूला हात लावायचा नाही.

पन्नास मीटरही गेलो नसू आणि बाबा म्हणाले, "अगं, आता सीट हलतेय!"

खरंच. स्टिअरिंगचा मोठा हेलकावा गेला आणि गाडीची मागची बाजू डुलायला लागली. कमरेखाली कळतं, लंगडं माणूस चालावं तसं. पुन्हा पाकीट, पुन्हा २०चा वेग: ३०, ३०, ३१. दुखणं चाकाबरोबर मागे गेलं. म्हणजे ते चाकातच आहे, गाडीत नाही. वीस मिनिटांचं काम, एक जॅक आणि एक व्हील पाना. हे मी पाच तारखेलाच करू शकले असते.

पण स्टिअरिंग पूर्ण शांत नाही. ती बारीक थरथर तिथेच आहे. म्हणजे मनाचे खेळ नव्हते आणि दुखणी दोन आहेत.

शनिवार, १ फेब्रुवारी

संशयित चाक आता मागे डावीकडे. ते हाताने फिरवायचं तर हँडब्रेक सोडावा लागतो. म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये, पुढच्या चाकांना दोन्हीकडून विटा, मग जॅक, मग घोडी.

एका विटेवर जाड तारेचा तुकडा चिकटपट्टीने बसवला. आधी टोक रिमच्या कडेजवळ नेलं आणि चाक फिरवलं. फट जवळजवळ सारखी, अर्ध्या मिलिमीटरच्या आत. स्टीलची रिम एक मिलिमीटरपर्यंत आउट असली तरी मी तिला काही बोलले नसते. रिम सुटली.

मग तार टायरच्या नक्षीसमोर, मध्यावर. फट सुमारे चार मिलिमीटर ठेवली. चाक हळू फिरवलं. चार, चार, चार, साडेतीन, मग खर्र. तार रबराला घासली. वीतभर पुढे गेल्यावर पुन्हा चार. खडूने दोन्ही टोकांना खुणा केल्या.

मग डोळे मिटून तळहात ठेवला आणि बाबांना चाक फिरवायला सांगितलं. एक फुगवटा हाताखालून जातो, चादरीखाली कुणी मूठ धरावी तसा, कडा नसलेला. डोळे उघडून बघितल्यावर आणखी एक दिसलं: नक्षीची सरळ खाच त्या वीतभरात एका बाजूला वाकलीय आणि पुढे पुन्हा सरळ झालीय. फक्त उंचवटा असता तर गाडी वर-खाली झाली असती. ही वाकडी खाच जमिनीला टेकते तेव्हा चाक बाजूला ढकललं जातं, आणि ते पुढे असताना तो धक्का थेट स्टिअरिंगला जायचा.

आतल्या पोलादी तारांचे पट्टे रबरापासून सुटले आहेत. नक्षीच्या खाली असे दोन पट्टे एकावर एक असतात, रबरात बुडवलेले. वय, उष्णता, कमी हवेवर चालवणं, एखादा जोरदार खड्डा, यातल्या कशानेही त्यांची पकड सुटू शकते. मग हवेचा दाब तेवढ्या भागाला बाहेर ढकलतो.

आधी का दिसलं नाही? ११ तारखेला गाडी जमिनीवर होती. टायरचा वरचा भाग मडगार्डच्या आत, खालचा रस्त्यावर दबलेला, मी बघितला तो मधला तुकडा. १८ तारखेला हेच चाक हवेत होतं, मी स्वतः फिरवलं होतं, पण बेअरिंगसाठी. कान लावले होते, डोळे नाही.

आणि टायरवाला खोटं बोलला नव्हता. बॅलन्सिंगचं मशीन चाक हवेत फिरवतं आणि वजनाची वाटणी बघतं, आकार नाही. फुगवट्यात रबर नवं येत नाही, असलेलंच थोडं सरकतं. ३५ ग्रॅमचं वजन लावलं की शून्य. गाडीचा भार त्या चाकावर येतो तेव्हाच ते खरं बोलतं. काही मशीनना टायरवर रोलर दाबून बघायची सोय असते. त्या मशीनवर हे पकडलं गेलं असतं.

५०च्या वर डुलणं का जायचं तेही आता कळतं. टायर तेव्हा बरा होत नव्हता. धक्के इतके जवळजवळ यायचे की स्टिअरिंगला इकडून तिकडे जायला वेळच मिळत नसे. म्हणजे ज्या वेगात हा टायर सगळ्यात धोकादायक, त्याच वेगात तो गप्प. पट्टा सुटलेल्या टायरची नक्षी वेगात सोलून निघू शकते. या टायरवर मी ११ तारखेला चाळीस किलोमीटर गेले, बरंचसं ८०ने, वर "टायर गरम होऊ दे" म्हणून.

चाक काढलं, स्टेपनी लावली. स्टेपनीचं वय बघता तीही फक्त टायरवाल्यापर्यंत, हळू.

रविवार, २ फेब्रुवारी

आता बारीक थरथर. डावं पुढचं चाक मी स्वतः बसवलं होतं, म्हणून संशय उजव्यावर. तार रिमच्या बाजूला लावली, या वेळी आत-बाहेरचं डोलणं बघायला: दोन मिलिमीटर. नुसतं बघूनही कळत होतं, चाक फिरताना कड जवळ येते आणि लांब जाते.

नट सोडायला गेले तर एक सहज निघाला आणि दोन बाबांना पान्यावर उभं राहून काढावे लागले. चाक काढलं. हबच्या तोंडावर गंजाचा थर, आणि एका बाजूला पापुद्रा उचलून दुमडलेला, वर रिम दाबून बसवल्याने चकचकीत झालेला. नखाने निघाला. जाडी पाऊण मिलिमीटर असेल. हबचं तोंड साधारण तेरा सेंटीमीटरचं, रिमची कड पस्तीसची; आत पाऊण म्हणजे बाहेर दोन. हिशोब तंतोतंत.

१५ तारखेला चाकं काढून परत लावताना हे झालं असणार. गंज आधीचाच, पण पापुद्रा निघाला तेव्हा, आणि एअर गनने एकामागून एक नट आवळले गेले. एक दुखणं शोधायला गेले आणि दुसरं घेऊन आले.

लोखंडी ब्रशने हबचं तोंड आणि रिमची आतली बाजू घासली, नंतर पॉलिश पेपर. मधल्या गोल कडेला अगदी पुसटसं ग्रीस. नटच्या आट्यांना नाही. नट आधी हाताने, मग समोरासमोरचे क्रमाने, शेवटी टॉर्क पान्याने पुस्तिकेत दिलेल्या ८५ न्यूटन-मीटरवर. परत तार: अर्धा मिलिमीटर. बाकीचे तीन हबही लगे हात घासून टाकले.

शनिवार, ८ फेब्रुवारी (९१,६१९)

डाव्या बाजूचे दोन्ही जुने टायर काढून टाकले, मागचाही. त्याला फुगवटा नव्हता, पण तारीख तीच. काढलेल्या टायरचा खडूच्या खुणांमधला भाग अंगठ्याने दाबला तर पोचट लागतो, बाकीचा दगडासारखा. तो कुणाच्या गाडीला परत लागू नये म्हणून टायरच्या भिंतीला चीर देऊन मगच टायरवाल्याकडे ठेवला.

नवे दोन मागे, २०२०चे दोन पुढे. टायरवाला नवे पुढे लावायला निघाला होता. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर निदान हाताला कळतं, मागची घसरली तर गाडीच गरकन फिरते. म्हणून चांगली पकड मागे. बॅलन्सिंग पुन्हा करून घेतलं. चाकं बसवताना म्हटलं, "दादा, गन नको, हाताने आवळा." त्याने विचित्र नजरेने बघितलं, पण आवळले.

रविवार, १६ फेब्रुवारी (९१,७०४)

पंच्याऐंशी किलोमीटरनंतर नट परत तपासले. घासलेल्या तोंडावर चाक थोडं बसतं, त्यामुळे हे करावंच लागतं. उजव्या पुढच्या चाकाचा एक नट पाव आटा फिरला, बाकीचे जागेवर.

मग तोच रस्ता, दुसरा गिअर, २०चा वेग. बाबांनी नवं पाकीट घेतलं, हात स्टिअरिंगला टेकवला. दहा सेकंद. थांबून बघितलं तर कागदावर दोन ठिपके.

"हे काय?"

"ते खड्डे होते," बाबा म्हणाले.